दर्यावरचे रिवाज आणि किनाऱ्यावरचे तंटे

आपल्या गोंदियाहून मुंबईचा समुद्र गाडीने जवळजवळ हजार किलोमीटर आणि हावड्याकडचाही तितकाच. म्हणजे समुद्रापासून याहून दूर जावयाचे म्हटले तरी फारशी जागा उरत नाही. आपले पाणी म्हणजे वैनगंगा, नवेगावबांधचा तलाव आणि शेताकाठच्या बोड्या. असे असता मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी दर्यावरील व्यापाराचा विषय का घेतला, असे पुष्कळजणींना वाटेल. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासात शिरावे हेही कोणास धाडस वाटेल. पण दुपारचे काम आटोपले की वाचनालयातून आणलेली पुस्तके चाळण्याची मला सवय आहे आणि त्यात हा विषय मला फार घरगुती वाटला. बुडालेला माल कोणाचा, नुकसान कोणी सोसावयाचे, वाटेने जाण्यास परवानगी कोणाची घ्यावयाची, हे प्रश्न भाऊबंदकीतले नाहीत तर कोठले?

आणि समुद्र दूर असला तरी त्याचे मीठ आपल्या चुलीपर्यंत पूर्वीपासून येतच होते. रेल्वे येण्यापूर्वी बंजारे लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून किनाऱ्याचे मीठ आत आणीत आणि येथील धान्य घेऊन परत जात. या मिठावरूनही राज्याराज्यांत चुरस असे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदारास पत्र लिहून बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्याकडून, येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितले. बारदेशचे मीठ स्वस्त पडले तर व्यापारी तिकडेच वळतील आणि आपल्या संगमेश्वराकडील मीठ पडून राहील, हा त्यातील हिशेब. लढायांच्या गर्दीत राजाचे लक्ष मिठाच्या भावाकडे आहे, हे वाचून मला तरी फार बरे वाटले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. वादळाने फुटलेले जहाज किनाऱ्यास लागले तर त्यावरचा माल कोणाचा?

आपल्याकडे वैनगंगेला पूर आला की लाकडे वाहून येतात, आणि ज्याने धरले त्याचे लाकूड असे म्हणणारे लोक आहेत. १९२७ च्या जंगल कायद्यात मात्र असे लाकूड, कोणी आपला हक्क शाबीत करीपर्यंत, सरकारचे धरले आहे. जुन्या काळी समुद्रकाठीही हीच दोन मते होती. फक्त सरकारच्या जागी राजा म्हणावयाचे. किनाऱ्यास लागलेले जहाज हे त्या किनाऱ्याच्या धन्याचे, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी होता. केवळ हिंदुस्थानातच होता असे नव्हे. युरोपातही किनाऱ्यावरचे जमीनदार व गावकरी बुडत्या जहाजावर तुटून पडत, इतके की ११७९ साली रोममध्ये भरलेल्या धर्मसभेने, जहाज फुटलेल्या ख्रिस्ती माणसांना लुटणारास धर्माबाहेर काढण्याचा ठराव केला. स्वतःच्या धर्माच्या माणसांपुरता तरी!

या बाबतीत आपल्या दक्षिणेकडील एका राजाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वरंगळचे काकतीय घराणे. त्यातील गणपतिदेव राजाने १२४४-४५ च्या सुमारास आंध्र किनाऱ्यावर मोटुपल्ली या बंदरात एक शिलास्तंभ उभा केला. त्यावर परदेशी व्यापाऱ्यांस अभय दिले आहे. पूर्वीचे राजे वादळाने फुटून किनाऱ्यास लागलेल्या जहाजांवरील सर्व माल बळाने घेत असत. आम्ही मात्र ठरलेल्या जकातीखेरीज काही घेणार नाही, कारण व्यापारी जीव धोक्यात घालून धन मिळवितो, असा त्याचा आशय. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी आलेला इब्न बतूता हा प्रवासी कालिकतविषयी जवळजवळ तेच लिहितो. मलबारात इतरत्र फुटलेल्या जहाजाचा माल राजा घेतो, पण कालिकतात तो धन्यास परत मिळतो, आणि म्हणूनच कालिकतला इतकी जहाजे येतात. दया होती ती होतीच, पण तीत व्यवहारही होता. ज्या घरी पाहुण्याची चप्पल हरवते त्या घरी पाहुणा पुन्हा येत नाही.

आता आपण रायगडावर जाऊ. १६७४ च्या जून महिन्यात महाराजांचा राज्याभिषेक झाला, हे आपणा सर्वांस शाळेपासून माहीत आहे. त्या समारंभास मुंबईच्या इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, हेही पुस्तकात असते. पण तो केवळ नजराणा देण्यास आला नव्हता. तह करावयास आला होता. १६६१ साली मराठ्यांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली होती. त्याचे कारणही होते. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी आपल्या तोफा व गोळे घेऊन सिद्दी जौहरास मदत केली होती. तरी व्यापारी तो व्यापारी, त्याने भरपाईचा तगादा तेरा वर्षे सोडला नाही.

या वकिलाच्या मुक्कामाची एक गंमत डॉक्टर फ्रायर याने लिहून ठेवली आहे. गडावर मांसाहार फार थोडा, यजमान मंडळी लोणी घातलेल्या खिचडीवर संतुष्ट. इंग्रजांना मात्र रोज मटण लागे. तेव्हा मटण पुरविणारा म्हातारा खाटीक, इतके मांस खाणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यास मुद्दाम गड चढून आला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणाही बाईला हे पटेल.

असो. इंग्रजांनी वीस कलमे मांडली. राजापूरची भरपाई, पुन्हा वखार, मालावर शेकडा अडीच जकात, वगैरे. महाराजांनी अठरा मान्य केली आणि दोन नाकारली. पहिले नाकारले ते नाण्याचे. तुमची नाणी आमच्या मुलखात चालण्यास बंदी नाही, पण तोटा सोसून ती घ्याच, अशी सक्ती आम्ही आमच्या रयतेवर करणार नाही. दुसरे नाकारले ते फुटलेल्या जहाजांचे. इंग्रजांचे जहाज किनाऱ्यास लागले तर माल त्यांना परत द्यावा, हे महाराजांनी मानले नाही. वादळाने किनाऱ्यास लागलेले जहाज परत देणे हे कोकणच्या कायद्यात बसत नाही, तुम्हांस दिले तर फ्रेंच, वलंदेज आणि बाकीचे व्यापारीही मागतील, आणि पिढ्यानुपिढ्यांचा रिवाज मोडेल, असे उत्तर मिळाले.

हे प्रथम वाचले तेव्हा मला जरा खटकले. महाराजांनी गणपतिदेवासारखे का केले नाही? पुष्कळ विचार केला तेव्हा मला एक दिसले. गणपतिदेवाने सवलत दिली ती सर्व व्यापाऱ्यांस, आणि स्वतःहून. येथे मागणारा एक, आणि तो फक्त स्वतःपुरते मागत होता. ज्यांच्या तोफा चौदा वर्षांपूर्वी आपल्या किल्ल्यावर रोखल्या होत्या, त्यांनाच वेगळा न्याय कसा द्यावयाचा? इंग्रजांची ही मागणीही नवीन नव्हती. १५८० साली त्यांनी तुर्कस्तानच्या सुलतानाकडून जी सनद मिळविली, तीत भूमध्य समुद्रात त्यांचे जहाज फुटले तर माणसांस मदत व्हावी आणि वाचलेला माल परत मिळावा असे कलम होते. तिकडे मिळाले म्हणून इकडे मागितले. तरीही माझे मत विचाराल तर ज्याचे तारू फुटले त्याचा माल घेणे हे कोणत्याही रिवाजाने गोड होत नाही. आपल्या मोठ्या माणसांविषयी आदर ठेवूनही एवढे म्हणता येते, असे मला वाटते.

हा प्रश्न मिटला आहे असेही नाही. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर एक मोठे मालवाहू जहाज बुडाले आणि त्यावरील लोखंडी पेट्या कोल्लम, आलप्पुळा येथील किनाऱ्यास लागल्या. त्यांना हात लावू नये म्हणून सरकारला लोकांस बजावावे लागले.

फुटलेल्या जहाजापेक्षाही अवघड प्रकरण असते ते वाचलेल्या जहाजाचे. तुफानात जहाज हलके करण्यासाठी काही माल समुद्रात टाकला, जहाज वाचले, बाकीच्यांचा माल सुखरूप पोहोचला. मग ज्याचा टाकला त्याने काय करावे?

भूमध्य समुद्रातील बार्सिलोना, जेनोवा, लिव्होर्नो या बंदरांतील व्यापाऱ्यांनी याचा फार बारीक विचार केला होता. बार्सिलोनाच्या रिवाजांचे एक पुस्तकच आहे, ते पंधराव्या शतकाच्या अखेरीस छापले गेले आणि सर्व भूमध्य समुद्रावर चालले. त्यातला नियम असा की सर्वांसाठी एकाचे गेले तर ते सर्वांनी भरून द्यावे. उदाहरण देते, म्हणजे स्पष्ट होईल. समजा जहाजाची किंमत ४००० रुपये. एकाचे तांदूळ ३००० चे, दुसऱ्याचे कापड २००० चे, तिसऱ्याची मिरी १००० ची. एकूण १०,०००. तुफानात मिरी टाकली. गेले १०००, म्हणजे एकूणाचा दहावा भाग. तेव्हा प्रत्येकाने आपल्या किमतीचा दहावा भाग सोसावयाचा. जहाजाच्या मालकाने ४००, तांदूळवाल्याने ३००, कापडवाल्याने २००, आणि मिरीवाल्यानेही आपले १००. म्हणजे त्याला ९०० परत मिळतात. त्याचाही वाटा धरतात, हे मला विशेष आवडले. तोही त्याच जहाजात होता ना!

यात लबाडीस वाव पुष्कळ. कप्तानाने वाटेत माल विकून तुफानाचे नाव केले तर? म्हणून रिवाज असा की माल टाकण्यापूर्वी जहाजावरील व्यापाऱ्यांस विचारावे, आणि शक्य तर पहिली वस्तू व्यापाऱ्यानेच आपल्या हाताने टाकावी. बंदरात पोहोचताच कप्तानाने अधिकाऱ्यापुढे जबानी द्यावी आणि खलाशांच्या साक्षी व्हाव्यात. याच पुस्तकात उंदरांचेही कलम आहे! जहाजावर मांजर नसल्यामुळे उंदरांनी माल खाल्ला तर भरपाई कप्तानाने करावी. धान्याच्या कोठीची काळजी वाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या कलमावर टीका लिहिण्याची गरज नाही.

पूर्वेकडेही हे ठाऊक होते. गुजरातचे व्यापारी जेथे गर्दी करीत त्या मलाक्का बंदराच्या जुन्या दर्यावर्दी कायद्यात, माल टाकण्यापूर्वी सर्वांची सल्लामसलत घ्यावी आणि तोटा मालाच्या प्रमाणात वाटावा, असेच सांगितले आहे. हा रिवाज आजही मेलेला नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात एक प्रचंड जहाज आडवे होऊन सहा दिवस अडकले होते, ते वर्तमानपत्रात आपण पाहिले. ते निघाल्यावर त्याच्या मालकाने ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर होता त्या सर्वांनी सुटकेच्या खर्चाचा वाटा द्यावा, असे याच जुन्या नियमाने जाहीर केले.

येथे थोडे घरचे लिहिते. आमच्या घरी तांदळाचा लहानसा व्यापार आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी तिघांचा माल एका ट्रकमधून रवाना झाला. एक भाग आमचा, एक आमच्या चुलत दिरांचा आणि एक तिसऱ्याचा. रात्री एका नाल्याच्या उतारावर पाणी चढले आणि ट्रक चिखलात रुतला. तो हलका करण्यासाठी ड्रायव्हरने मागचे चाळीस कट्टे खाली काढून काठावर टाकले. ते सर्व आमचे होते, कारण आमचा माल शेवटी चढला होता. ट्रक निघाला, बाकीचा माल कोरडा पोहोचला. आमचे कट्टे सकाळपर्यंत भिजून गेले. भाडेवाला म्हणाला, पाऊस माझ्या हातचा नाही. तिसरा म्हणाला, माझा काय संबंध. दीर काहीच बोलले नाहीत, आणि तेच यजमानांच्या मनाला अधिक लागले. तेव्हापासून दोन्ही घरांत जाणेयेणे तुटल्यासारखे आहे. जाऊबाई संक्रांतीच्या हळदीकुंकवास येत नाहीत, मीही जात नाही.

बार्सिलोनाचा हा नियम वाचला त्या रात्री मी यजमानांना तो समजावून सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी कागद घेतला आणि ट्रकची किंमत, तिघांच्या मालाची किंमत मांडून हिशेब केला. दिरांकडे निघाली ती रक्कम इतकी थोडी होती की तिच्यासाठी दोन घरे तुटावीत हे कागदावर तरी पटत नव्हते. शिवाय आमच्याही वाट्याचे आम्हीच सोसावयाचे निघाले. तो कागद आमच्या कपाटात आहे. पाठविलेला नाही. माझ्या मते पाठवावा, पैशासाठी नव्हे, बोलण्यास तोंड फुटावे म्हणून.

असो. तिसरा तंटा परवान्याचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले आणि त्यांनी सारा पश्चिम दर्या आपला म्हणून जाहीर केला. प्रत्येक जहाजाने त्यांचा परवाना, ज्याला कर्ताज म्हणत, तो जवळ बाळगावयाचा. त्यात नाखव्याचे नाव, जहाज केवढे, हत्यारे किती, जावयाचे कोठे हे सर्व लिहिलेले. परवान्याची फी थोडी, पण त्या निमित्ताने त्यांच्या बंदरात जाऊन जकात भरावी लागे ती खरी. परवाना नसेल तर जहाज जप्त. आपल्याच अंगणातून जाताना पाहुण्याची चिठ्ठी घ्यावी लागावी, असला हा प्रकार.

यातून बादशहाच्या घरच्या बायकाही सुटल्या नाहीत. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली इतर स्त्रियांसह मक्केच्या यात्रेस निघाली, पण पोर्तुगीजांच्या परवान्याची खात्री होईपर्यंत त्या सर्वांस सुरतेच्या बाजूस जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. पुढे जहांगीर बादशहाच्या आईने, मरियम उज्जमानीने, स्वतःचे जहाज व्यापारास घातले होते. त्याचे नाव रहीमी. त्या काळी एक स्त्री जहाजाची मालकीण होती, हे मला या अभ्यासात प्रथमच कळले. १६१३ साली पोर्तुगीजांनी हे जहाज, परवाना जवळ असूनही, शेकडो यात्रेकरूंसह धरून नेले. त्यावर जहांगीराने त्यांच्याशी व्यापार बंद केला आणि दमणवर फौज पाठविली.

पोर्तुगीजांचा हा धडा मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी नीट गिरविला. कोकणचा किनारा आमच्या राजाचा, तेव्हा येथून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आमचे दस्तक घ्यावे, हे त्यांचे म्हणणे. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण परवाना मागणे ही चाचेगिरी असेल तर पोर्तुगीज आणि इंग्रज काय करीत होते? तंट्याचे खरे मूळ असे की देशी व्यापारी आपला माल इंग्रजांच्या निशाणाखाली नेत आणि दस्तक चुकवीत. कंपनीचे जहाज आम्ही सोडू, पण कंपनीच्या निशाणाखालचा परका माल का सोडावा, असे कान्होजी म्हणत. निशाण आमचे म्हणजे माल आमचा, असे इंग्रज म्हणत. १७१३ साली तह झाला, पण हा मुद्दा शिल्लक राहिला आणि तह मोडला. इंग्रजांनी १७१७ त विजयदुर्गावर, १७१८ त खांदेरीवर आणि १७२१ त पोर्तुगीजांस घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही फसल्या. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोपर्यंत त्यांचे दस्तक चालले.

या लढायांत सापडलेल्या एका बाईची हकीकत सांगून पुरे करते. कॅथरिन कुक ही मुलगी १७०९ साली आईबापांबरोबर बंगालला जाणाऱ्या जहाजातून आली. जहाज वाटेत कारवारला थांबले. तेथील वखारीचा म्हातारा प्रमुख हार्वे याने तिला मागणी घातली आणि आईबापांनी ती तेरा-चौदा वर्षांची पोर त्याला देऊन टाकली. आपल्याकडच्या बालविवाहांना नावे ठेवणाऱ्यांच्या घरी हे चालत होते. थोड्याच वर्षांत हार्वे वारला. त्याचा खाजगी व्यापार आणि कंपनीचा व्यापार यांचे हिशेब एकमेकांत अडकलेले, त्यामुळे तिला नवऱ्याच्या मालमत्तेसाठी कंपनीकडे अर्ज करावे लागले. तिने चाऊन नावाच्या तरुणाशी लग्न केले. १७१२ च्या नोव्हेंबरात दोघे मुंबईहून कारवारला निघाली असता आंग्र्यांच्या आरमाराने गाठले. चाऊनचा हात गोळ्याने तुटला आणि तो तिच्या समोर गेला. ती गरोदर होती. तिला कुलाब्यास नेण्यात आले, आणि पुढच्या फेब्रुवारीत ३०,००० रुपये खंडणी भरून इंग्रजांनी तिला व इतर कैद्यांना सोडवून नेले.

तिचे तिसरे लग्न गिफर्ड नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी झाले. तो १७२१ साली केरळातील अंजेंगो येथे मारला गेला. ती पळून मद्रासेस पोहोचली. तेथे कंपनीने तिचे सांत्वन करण्याऐवजी नवऱ्याच्या हिशेबाच्या वह्या मागितल्या. तीन नवरे गेले, त्यांतील दोघांच्या वह्यांवरून ती कंपनीशी भांडत राहिली, आणि पुढे विलायतेस परत गेल्यावरही कंपनीने तिच्यावर दावा लावलाच.